नियमाची खुर्ची

गोदामात माझं काम माल रवाना करण्याचं, पण माझी ओळख एकच, कालव्यापलीकडच्या वस्तीतली बाई. त्या वस्तीचा पत्ता सांगितला की नोकरी मिळत नाही, अशी ओरड वर्षानुवर्षं होती. शेवटी कंपनीने नियम केला. प्रत्येक मुलाखतीला वस्तीतलं एक माणूस बसलंच पाहिजे, नाहीतर मुलाखत बाद. वस्तीतली तिथे मी एकटीच, म्हणून प्रत्येक मुलाखतीला मीच शोभेची बाहुली. साहेब शेवटी विचारायचे, "बाई, तुम्हाला काही?" आणि मी तोंड उघडेपर्यंत उठायचे.

यंदा फोर्कलिफ्ट चालवायला माणूस हवा होता. उमेदवार दोन. एक साहेबांच्या साडूचा मुलगा, दुसरी माझी भाची. पोरीकडे परवाना आहे, हात साफ आहे. काचेच्या पेट्या अरुंद बोळातून कुठेही न घासता काढते. बापाचं काम सुटल्यापासून घर तिच्याच भरवशावर आहे.

मुलाची मुलाखत सकाळी झाली. मी बसले, सही केली. दुपारी भाची इस्त्रीचे कपडे घालून बाकावर येऊन बसली. मी आपणहून साहेबांना म्हटलं, "ही माझी सख्खी भाची. मी बाहेर थांबते, उद्या कोणी वशिला म्हणायला नको."

साहेबांचा चेहरा खुलला. "बरं झालं सांगितलंत. मग वस्तीतलं दुसरं कोणी आणा."

"दुसरं आहे कोण इथे?"

"मग मुलाखत होणार नाही. नियम तुमच्यासाठीच केलाय, बाई."

"अहो, तिला घेतलंत तरच दुसरं माणूस होईल ना! आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" माझं डोकं फिरलं होतं. "आणि सकाळचा मुलगा तुमच्या साडूचाच ना?"

"साडू म्हणजे काही रक्ताचं नातं नाही. शिवाय तुम्ही होतात की समोर. सहीसुद्धा केलीत."

जागा त्याच संध्याकाळी भरली.

रात्री ताई माझ्यावर उखडली. "तुला कुणी विचारलं होतं का गं? फार हरिश्चंद्राची अवलाद!" तिचं खरंच होतं. भाची मात्र शांतपणे म्हणाली, "मावशी, तू खुर्चीत नसलीस तर त्यांचीही मुलाखत बादच की."

एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. पुढच्या मुलाखतीला शिपाई बोलवायला आला, तेव्हा मी सांगितलं, "येत नाही." मग साहेब स्वतः खाली आले. "बाई, असं कसं चालेल? सगळं अडलंय."

"अडू दे. आधी भाचीची मुलाखत घ्या."

साहेब तसेच वर गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना माझी गरज पडली होती. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. ते सुख एक दिवस टिकलं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर नियमाचा नवा कागद लागला. मुलाखतीला वस्तीतलं एक माणूस बसवावं, शक्य असल्यास.