अकरावं रीळ सातव्या जागी

मी फळा. शाळेतला नव्हे, हे आधीच सांगून टाकतो, कारण मला पाहिलं की लोकांना पाढे आठवतात. माझ्यावर कधी कोणी पाढा लिहिला नाही. मी वर्ध्याजवळच्या आंजीच्या तंबू टॉकीजच्या दारात उभा राहायचो आणि माझ्यावर सिनेमा पाहून आलेल्यांची मतं लिहिली जायची. याचा मला गर्व आहे, आणि तो मी लपवणार नाही.

सागाच्या तीन फळ्या जोडून, वरून कोळशाची पूड आणि माक्याचा रस चोळून मला घडवलं. घडवून घेणारे मनोहरराव गावातले धान्याचे व्यापारी. दिवाळी झाली की बाजाराच्या मागच्या रिकाम्या वावरात ते तंबू ठोकायचे आणि उन्हाळ्याच्या शेवटी गुंडाळायचे. सिनेमाचं वेड असलेला माणूस. घरच्यांनी नावं ठेवली तरी वेड काही गेलं नाही.

खेळ सुटला की मनोहरराव हातात खडू घेऊन माझ्याजवळ उभे राहत आणि बाहेर पडणाऱ्या तिघांना अडवत. त्यात एक बाई असायचीच. त्यांचे नियम दोनच होते. कोणी बोललं नाही ते लिहायचं नाही, आणि लिहिलेलं पुढचा खेळ लागेपर्यंत पुसायचं नाही. मग मत शिवी का असेना. दुसऱ्या दिवशी लोक आधी मला वाचत, ज्यांना वाचता येत नसे ते वाचून घेत, आणि मगच तिकिटाच्या खिडकीकडे वळत. माझ्यावरच्या एका वाक्याने कित्येक पौराणिक सिनेमे दोन दिवसांत माघारी गेलेले मी पाहिले आहेत.

अडुसष्टच्या माघात ‘जासूस पौने आठ’ आला. गुप्तहेरांच्या सिनेमांची टिंगल करणारा सिनेमा. त्यातला जासूस सुताच्या रिळातून मुख्यालयाशी बोलायचा, त्याची खोटी दाढी दर वेळी चहात पडायची, आणि खलनायक मांडीवर कोंबडा घेऊन त्याला कुरवाळत बसायचा. डबे अमरावतीहून एसटीच्या टपावर आले. वाटेत दोन डब्यांची झाकणं बदलली गेली.

यंत्र चालवायला तानबा होता. बावीस वर्षांचा, कामात चोख. पण त्या संध्याकाळी त्याने झाकणावरचा आकडा पाहिला आणि फितीच्या टोकावरचा पाहिला नाही. सातव्याच्या जागी अकरावं रीळ लागलं. खलनायक कोंबड्यासकट डोंगरावरून पडला आणि मेला. आठव्यात तो परत मांडीवर कोंबडा घेऊन बसला. लोक एकमेकांकडे बघायला लागले. नवव्यात त्याने गाणं म्हटलं. आणि अकराव्याच्या जागी जेव्हा सातवं लागलं, तेव्हा इतकी मारामारी करून, एकदा मरूनसुद्धा, तो जासुसाला पहिल्यांदाच भेटल्यासारखा वाकून म्हणाला, “आपकी तारीफ?”

तंबू हसून हसून आडवा झाला. बाहेर येताना अनुसयाबाईला बोलवेना. भाजी-माळव्याची शेती करणाऱ्या घरातली नवी सून होती ती, पदर तोंडात धरून हसत होती. मनोहररावांनी तिला अडवलं. ती म्हणाली, “मेलेला माणूस परत येऊन नाव इचारते, असा सिनेमा म्या आजवर पाह्यला नाई.” ते तसंच माझ्यावर उतरलं.

रिळं गुंडाळताना तानबाला चूक सापडली. दुसऱ्या दिवशी त्याने सगळं सरळ लावलं. माझ्यावरचं वाचून पवनारपर्यंतची माणसं आली होती. खलनायक मेला तो मेलाच राहिला आणि लोक खवळले. “काल परत आलता, आज काऊन नाई आला?” असं मनोहररावांना विचारायला लागले.

तानबा पुढे झाला. “मालक, लिहून टाका माह्यं नाव. चूक माही होय.”

मनोहरराव म्हणाले, “तंबू माहा, चूक माही. तू यंत्राकडं जाय.”

आणि त्यांनी माझ्यावर लिहिलं, ‘काल रिळं उलटी लागली, चूक मालकाची. आता पहिला खेळ उलटा, दुसरा सरळ. आवडेल तो पाहा.’ सिनेमा तीन आठवडे चालला. सरळ खेळाला निम्मा तंबू रिकामा असायचा आणि उलट्याला बसायला जागा नसायची. गावात कोणी कोणाला खूप दिवसांनी भेटलं की ‘आपकी तारीफ?’ म्हणायची रीतच पडली.

पण एक गोष्ट वाकडी झाली. चूक मालकाची, असं लिहिल्यामुळे अक्कलही मालकाचीच ठरली. मनोहररावांनी काय डोकं लावलं, असं जो तो म्हणायचा. मनोहरराव दर वेळी सांगायचे की रिळं तानबाच्या हातून उलटली, पण लोकांना तो त्यांचा मोठेपणा वाटायचा. तानबाचा उतरलेला चेहरा मात्र मी पाहत होतो.

पुढे घरोघरी टीव्ही आले आणि तंबू बसला. पडदा फाटला होता, यंत्र भंगारात गेलं. मनोहररावांनी मला तानबाच्या हवाली केलं आणि थोड्याच वर्षांत ते वारले. तानबाच्या घरी माझ्यावर पापड वाळले, काडीवर वळलेले गव्हाचे सरगुंडे वाळले, मग मी शेळ्यांच्या गोठ्याचं दार झालो. तक्रार नाही. पण ज्याने लोकांची मतं सांभाळली त्याला शेळीने शिंगं घासावीत, हे जरा जिव्हारी लागलंच.

यंदा मला तिथून सोडवलं तानबाच्या नातीने, आचलने. ती वर्ध्याला कॉलेजात शिकते. इंटरनेटवर कोणीतरी ‘जासूस पौने आठ’ चढवला होता, तो तिला सापडला. तानबा आता ऐंशीला टेकला आहे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, समोरचं सगळं धूसर. आचलने ठरवलं की आबाजीचा सिनेमा गावाला दाखवायचा. तिने मला घासून धुतलं, काळा रंग दिला, आणि एका रविवारी दुपारी ग्रामपंचायतीच्या सभागृहाच्या दारात उभं केलं. इतक्या वर्षांनी दारात उभं राहताना माझी छाती फुगली होती.

तानबा पहिल्या रांगेत बसला. त्याला पडदा दिसत नव्हता, तो मागच्या लोकांचं हसू ऐकायला बसला होता. पहिल्या दाढीला लोक हसले. दुसऱ्या दाढीला थोडे हसले. तिसऱ्या दाढीपर्यंत पोरांनी मोबाइल काढले होते. तानबाची मान हळूहळू खाली गेली. सत्तावन्न वर्षं त्याने ज्याचा अभिमान मनात जपला, तो सिनेमा गावाच्या डोळ्यांदेखत पडत होता.

खेळ सुटल्यावर आचल खडू घेऊन माझ्याजवळ आली. कॉलेजातला नयन म्हणाला, “भल्ला लांबवला. कोंबडा तेवढा बरा हाय.” दोघे-तिघे तसंच काहीबाही बोलून निघून गेले. आचलने आजोबांकडे पाहिलं आणि माझ्यावर लिहिलं, ‘सर्वांना फार आवडला.’

माझ्या आयुष्यातलं पहिलं खोटं मत. मला काही करता येत नव्हतं.

तानबा काठी टेकत आला. “वाच.”

तिने वाचलं.

“हे कोन बोललं?”

आचल खडू बोटांत फिरवू लागली.

“कोनी बोललं नाई तं पुस, बेटा. याच्यावर मालकानं कधी खोटं मत लिहलं नाई.”

तिने पुसलं. डोळे पुसत पुसत नयनचं मत लिहिलं, शब्द न बदलता. तानबाने तेही वाचून घेतलं आणि मान हलवली. मला त्या म्हाताऱ्याचा इतका अभिमान वाटला की सांगता सोय नाही.

तेवढ्यात मागून अनुसयाबाई सुनेचा हात धरून आली. “हा तो सिनेमा नाई,” ती ठामपणे म्हणाली. “आमी पाह्यला त्यात मेलेला परत येते. मनोहरराव शेठनं तसा केलता.”

“शेठनं नाई, बाई,” तानबा म्हणाला. “ते माह्याकून झालतं. झाकन पाह्यलं, फीत नाई पाह्यली.”

दारातली सगळी माणसं थांबली. नयनने मोबाइल खिशात ठेवला. “मंग आबाजी, तसाच लावा ना आमाले.”

पुढचे सहा दिवस आचल संगणक घेऊन आजोबांजवळ बसली. तिने फक्त आवाज लावायचा आणि तानबाने सांगायचं, “थांब, अथी दहावं संपलं. आता मंदिराची घंटा वाजन, तथून अकरावं.” बाराही रिळांची सुरुवात आणि शेवट त्याला पाठ होता. डोळे गेले तरी हात अजून यंत्रावरच होता म्हणायचा. आचल त्याच्या सांगण्यावरून कापत गेली, जोडत गेली.

दुसऱ्या रविवारी सभागृहात उभं राहायलाही जागा नव्हती. खलनायक पडला, मेला, परत बसला. पोरं आधी गोंधळली, मग हसायला लागली, आणि शेवटी त्याने वाकून “आपकी तारीफ?” विचारलं तेव्हा तो सत्तावन्न वर्षांपूर्वीचाच आवाज मी दारातून ऐकला. तानबा पडद्याकडे पाठ करून बसला होता आणि लोकांकडे तोंड करून हसत होता.

नयनने स्वतः येऊन सांगितलं, “मांगचं मत वापस घेतो. एक नंबर.” आचलने लिहिलं. मग अनुसयाबाई तानबासमोर उभी राहिली, मुद्दाम वाकली आणि म्हणाली, “आपकी तारीफ?”

काठी बाजूला ठेवून तानबा ताठ उभा राहिला. “तानबा,” तो म्हणाला. “ऑपरेटर. रिळं म्या उलटी लावलती.”

आचलने ते मोठ्या अक्षरांत माझ्यावर लिहिलं. कोणीतरी बोललं होतं, म्हणून ते लिहिणं नियमात बसत होतं.

मी अजून सभागृहाच्या दारातच आहे. ग्रामसभेची सूचना लिहायला परवा शिपाई खडू घेऊन आला होता, त्याला नयनने दुसरीकडे पाठवलं. नियम आहे ना, पुढचा खेळ लागेपर्यंत पुसायचं नाही. तेव्हा माझं एवढंच मागणं आहे. खेळ लावा, सिनेमा पाहा, मनात येईल ते बोला आणि मला बिनधास्त पुसा, माझं कामच ते आहे. पण खेळ लागत नाही तोवर तानबाचं नाव माझ्यावर राहू द्या. त्याला अक्षरं दिसत नाहीत, तरी रोज संध्याकाळी तो येतो आणि ते कोणाकडून तरी वाचून घेतो.