मठाच्या कोठाराचे खांब

किसनचं प्रेत अजून शवागारात, आणि हा बाबा दुसऱ्यांदा कालवण वाढून घेतो! कृष्णाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. पोटचा पोर असला म्हणून काय झालं? अल मजाजच्या उंच इमारतीत राहायला आलं की लाज खाली वॉचमनकडे ठेवायची असते की काय!

त्यांच्या या लेकाचा, विघ्नेशचा, दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात सुतारकामाचा कारखाना. एका हॉटेलवाल्याला युरोपातल्या जुन्या मठाचं धान्यकोठार हुबेहूब बांधून हवं होतं. परवा त्याचा लाकडी सांगाडाच कोसळला आणि कारागीर किसन खाली सापडला.

"होतं तरी कसलं ते कोठार?" कृष्णाबाईंनी नातीला विचारलं.

मिहिकाने फोनवर त्याचं चित्र उघडून दाखवलं. "सी आजी, आठशे वर्षांपूर्वीचं. शेतकऱ्यांच्या पिकातला दहावा वाटा मठात यायचा. गाडी या दारातून थेट आत. दोन्हीकडे खांबांच्या रांगा. नो नेल्स, सगळ्या लाकडी खुंट्या."

"देवळाएवढं! खात किती होते गं मेले साधू? आणि भिंतीला फटी?"

"हवेसाठी. नाहीतर धान्य कुजेल."

"खांब उलटे दिसतात. बुंधा वर, शेंडा खाली."

"मुद्दाम. वर तीन लाकडं एका खांबात अडकवतात, सो जाड टोक तिथे लागतं."

कृष्णाबाई सुताराच्या घरात नांदलेल्या. झाड उगवतं तसाच खांब रोवायचा, बुंधा मातीकडे. उलटा रोवला तर घराला मरण येतं, असं त्यांच्यात मानत. त्या सावकाश वळल्या.

"विघ्नेश, खांब फिरवलेस तू?"

त्याने हातातला घास ताटात ठेवला. "उलटा खांब आपण रोवतो का आई? इंजिनिअरला न सांगता सुलटे केले. खाचा बारीक टोकात घेतल्या. लाकूड चिरलं."

"आणि पोलिसांना काय सांगितलंस?"

"किसनने खाचांच्या खुणा चुकवल्या म्हणून. त्याला आता काय फरक पडतो? खलास. नाहीतर मी आत जाईन. तू यात पडू नकोस."

"रंजिताला? त्याच्या बायकोला?"

"तेच सांगितलं. स्वतःच्या चुकीने गेला म्हणून."

कृष्णाबाईंनी त्याच्यासमोरचं ताट उचललं आणि बेसिनमध्ये पालथं केलं.

"खांब फिरवलास ते घरचं वळण म्हणून मी पोटात घातलं असतं. पण माणूस मारलास आणि त्याच्या बायकोला कुंकवाबरोबर त्याचं नावही पुसायला लावलंस. ऊठ, हात धू. पोलिसांकडे तू चालत जा, नाहीतर मी मिहिकाला घेऊन जाते. जेलात डबा घेऊन येईन मी, पण या घरात तुला पुन्हा वाढणार नाही."