चौदा थेंब

सकाळपासून सातव्यांदा तिनं मीटर टाकीत बुडवला. आकडा पुन्हा तोच, एक पॉइंट सहा. म्हणजे पाण्यात खत हवं तेवढंच होतं. आणि तरी समोरच्या रॅकवर सॅलडची रोपं आतून करपत होती. बाहेरची पानं हिरवीगार, मधली कोवळी पानं मात्र कडेनं तपकिरी, कुणी जळती काडी टेकवावी तशी.

घरात तिला सगळे तपासनीस म्हणत. कुलूप ओढून बघायची आणि चार पावलं गेल्यावर परत येऊन पुन्हा ओढायची. बारा वर्षं तिनं एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासले होते. तो विभाग बंद झाला तेव्हा मोठ्या जाऊबाईंनी तिला आपल्या कामात ओढलं. सासऱ्यांच्या घराखालचं त्यांचं जुनं वर्कशॉप रिकामंच पडलं होतं. जिथे लेथ होते तिथे जाऊबाईंनी मातीविना भाजी लावली. चार मजली रॅक, पांढरे पाइप, पाइपांना भोकं, भोकांत रोपं आणि मुळांखालून दिवसभर वाहणारं खताचं पाणी. "विकायचं मी बघते, पाणी तू बघ," जाऊबाईंनी सांगितलं होतं. दोन वर्षं दोघींचं छान जमलं होतं.

गेले दोन आठवडे मात्र तिला बसवत नव्हतं. हवा खेळत नसेल म्हणून तिनं पंखे हलवले. मीटर बिघडला असेल म्हणून तो बाटलीतल्या प्रमाणित पाण्यात तपासला, ठीक निघाला. दुसऱ्या एका भाजीवाल्याचा मीटर मागून आणला. त्यानंही एक पॉइंट सहाच सांगितलं. टाकी घासली, खत नव्यानं तोललं, कालवलं. पानं करपतच राहिली. डबा उघडायचा, दोन घास खायचे आणि पुन्हा उठून रॅकपाशी जायचं, असं चाललं होतं.

"काय म्हणतोय तुझा मीटर?" जाऊबाई दारातूनच म्हणाल्या.

"बरोबर आहे म्हणतोय."

"मग पानांना कुणी कळवलं नाही वाटतं." त्यांनी हातातला क्रेट खाली ठेवला. परत आलेले गड्डे होते, आणखी तीन क्रेट बाहेर होते. "हॉटेलवाल्यानं चाळीसच्या चाळीस परत पाठवलेत. खरं सांग, खत कालवताना तुझं काही चुकत तर नाही ना? माणूस आहे, होतं."

"तीनदा तोलते मी."

"तीनदा एकच चूक होऊ शकते की."

ते वाक्य दिवसभर तिच्या मागे लागलं. घरी जाताना ती रस्त्यात थांबली आणि मनातल्या मनात पहिल्यापासून सगळी मापं आठवली. चूक सापडेना. सापडली असती तर बरं, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं वर्कशॉपमधली किटली चहासाठी उचलली आणि आत बघून थबकली. तळ चकचकीत होता. इथलं पाणी इतकं जड, की किटलीच्या तळाला पांढरा थर धरायचा. तो दर पंधरवड्याला लिंबू लावून घासावा लागायचा.

"किटली तुम्ही घासलीत का?"

"मला वेळ आहे का किटल्या घासायला?" जाऊबाई फोनमधून मान वर न काढता म्हणाल्या.

खणातून तिनं पाण्याचा जडपणा मोजायची पेटी काढली. बाटलीत नळाचं पाणी घेतलं, चिमूटभर पूड टाकली, पाणी गुलाबी झालं. आता दुसऱ्या बाटलीतलं औषध थेंबाथेंबानं टाकायचं आणि पाणी निळं व्हायला किती थेंब लागतात ते मोजायचं. या नळाला चौदा लागत. तिनं एक टाकला. पाणी निळं झालं. बाटली विसळून तिनं पुन्हा केलं. एकच थेंब.

म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम गेलं होतं, आणि ते कमी पडलं की कोवळी पानंच आधी करपतात. नळातूनच भरपूर येतं म्हणून ती वरून बेतानंच घालत असे. त्याच्या जागी दुसराच कुठला तरी क्षार आला होता, आणि मीटरला हा बदल कळत नव्हता, तो सगळ्या क्षारांची नुसती बेरीज सांगतो. मीटर डोकी मोजतो, चेहरे ओळखत नाही.

नळाच्या पाइपाचा माग काढत ती मागच्या अंगणात गेली. भिंतीला लागून एक करडी उंच टाकी उभी होती, शेजारी जाड्या मिठाची गोणी. सासरे स्टुलावर बसून टाकीवरचे पाण्याचे डाग पुसत होते.

"बाबा, हे काय?"

"पाणी मऊ करायचं यंत्र. नळवाल्यानं बसवून दिलं." ते खुशीत होते. "वरच्या घरातला गीझर दोनदा जळला ना. आता साबणाला असा फेस येतो, बघच."

"कधी बसवलं?"

"झाले की तीन आठवडे. तू दोन गल्ल्या पलीकडे राहतेस, तुला कसं कळणार."

"खालच्या नळालाही तेच पाणी येतं, बाबा. मला विचारायचं तरी."

"मोठीला विचारलं होतं. ती म्हणाली, बसवा."

ती परत फिरली ती जवळजवळ धावतच. मोठीला माहीत होतं. दोन आठवडे जिनं तिच्या मापांवर बोट ठेवलं, तिलाच माहीत होतं. आता आपल्या मापांची नोंदवहीच समोर धरायची, असं ठरवून तिनं ती टेबलावरून उचलली आणि दर सोमवारचा रकाना काढला. जडपणा, थेंब. चौदा. चौदा. चौदा. शेवटचे तिन्ही चौदा तिच्याच अक्षरात होते.

ती उभीच राहिली. दोन वर्षं आकडा बदलला नव्हता. पेटी काढा, बाटल्या विसळा, कोण करतं दर सोमवारी? चौदाच येणार. तिनं लिहून टाकलं होतं. पहिल्याच सोमवारी थेंब मोजले असते तर एकही रोप वाया गेलं नसतं.

जाऊबाई नोंदवही कधीच उघडत नसत. पान फाडलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. तिनं वही उघडीच ठेवली आणि हाक मारली.

"वहिनी, जरा इकडे या. दोन गोष्टी आहेत. एक तुमची, एक माझी."

तिनं आधी स्वतःची सांगितली. जाऊबाई रकान्याकडे बघत राहिल्या.

"तू? न मोजता?"

"हो."

"कुलूप दोनदा ओढणारी तू?" त्या हसल्या, पण ते हसू बरं नव्हतं. मग तिनं मागच्या टाकीचं सांगितलं तेव्हा ते मावळलं. त्या एका उलट्या क्रेटवर बसल्या. "बाबांनी विचारलं होतं खरं. मी फोनवर होते. बसवा म्हटलं. काय बसवताय तेही धड ऐकलं नाही." मग म्हणाल्या, "आणि तुला मी काय काय बोलले."

"बोललात."

"चूक तर होतीच म्हण तुझी."

"होती. पण तुम्ही म्हणत होतात ती नव्हे."

यावर मात्र दोघी खरंच हसल्या.

नळवाला दुसऱ्या दिवशी आला आणि यंत्राच्या आधीच पाइपाला फाटा फोडून खालच्या टाकीला वेगळी जोडणी देऊन गेला. सासरे हिरमुसले होते. त्याच्या मागेमागे पाना घेऊन फिरत होते, एकेक जोड स्वतः आवळून बघत होते. टाकी रिकामी केली, पाइप धुतले, दोन रॅकवरची रोपं उपटून टाकली. जाऊबाईंनी हॉटेलवाल्याला स्वतः फोन लावला. "आमचंच चुकलं," एवढंच म्हणाल्या. कोणाचं, ते सांगितलं नाही. तो म्हणाला, पुढच्या खेपेला वीसच घेईन, मग बघू.

उरलेल्या रोपांची करपलेली पानं काही सुधारली नाहीत, पण आठवड्याभरानं त्यांच्या मधोमध नवी फुटली ती स्वच्छ होती. नव्यानं लावलेल्या रोपांचे वीस गड्डे भरायच्या दिवशी ती क्रेटपाशी उकिडवी बसली आणि एकेका गड्ड्याची पानं हलकेच बाजूला करून आत बघू लागली. सगळे चांगले होते. तरी तिनं पहिला पुन्हा उचलला. बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता.

जाऊबाई बाहेर जाऊन त्याला थांबायला सांगून आल्या, आणि दुसरा क्रेट तिच्याकडे सरकवला.