कप्तानाच्या मानेवरचा दगड

माझी जीभ फार चालते, असं आई म्हणायची. चालते तर चालते! त्याच जिभेनं आमच्या घराची लाज राखली, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन.

तेव्हा आमच्या मुलखावर इटलीचं राज्य होतं. अस्मारा शहरात एका इटालियन डॉक्टरच्या घरी मी आठ वर्षं धुणीभांडी केली. त्यात त्यांची भाषा अशी शिकले की शिव्यासुद्धा मला त्यांच्यापेक्षा सरस यायच्या. म्हणून सिनेमावाले आमच्या अदी दाएरो गावात आले तेव्हा दुभाषी म्हणून त्यांनी मलाच धरलं. "ब्रिख्ती, हे सांग! ब्रिख्ती, ते विचार!" दिवसभर नुसता जीव खाल्ला माझा.

सिनेमा मुका, आणि कसला, तर त्यांच्या शूर कप्तानाचा. कप्तान येतो, बंडखोर सरदाराला हरवतो, शेवटी सरदार त्याच्यापुढे वाकतो. झालं. आणि दिग्दर्शक ओर्तेन्झी साहेबानं सरदार म्हणून निवडलं कुणाला? माझ्या वडिलांना, आबांना! पांढरी दाढी, ताठ कणा. बघताक्षणी म्हणाला, "हाच!" आबांना विचारतंय कोण? मागे दोन बंदूकवाले शिपाई उभे केले की काम भागलं.

तेवढंच असतं तर आबांनी सोसलंही असतं. पण साहेबानं कुठल्यातरी पुस्तकात वाचलं होतं की आमच्याकडे शरण येणारा माणूस मानेवर दगड घेऊन येतो. "शेवटी म्हातारा दगड घेऊन कप्तानापुढे वाकेल," तो म्हणाला. मेल्यानं अर्धंच वाचलेलं! आमच्यात दगड घेतो तो गुन्हेगार. ज्याचं माणूस मारलं त्याच्या दारात तो दगड घेऊन येतो, मातीपर्यंत वाकतो, आणि घरच्या वडीलधाऱ्यानं तो दगड उतरवला तरच त्याला माफी मिळते.

आणि दगड यायचा होता तो आमच्या दारात. तीन वर्षांपूर्वी रस्त्यासाठी आमचं शेत घेतलं, माझा धाकटा भाऊ मेहारी आडवा गेला, तेव्हा त्यांच्याच एका कप्तानानं त्याला सगळ्या गावादेखत चाबकानं फोडलं. तिसऱ्या दिवशी पोर गेलं. कप्तानाची बदली झाली. 'चुकलं' एवढं म्हणायलाही कुणी फिरकलं नाही. आणि आता आबांनी वाकायचं? माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी घरी जाऊन सांगितलं तेव्हा आबा कुदळीला दांडा बसवत होते. त्यांनी मानही वर केली नाही.

"डोकं उडवा म्हणावं. दगड घेणार नाही."

"आबा, ते खरंच तुरुंगात घालतील हो!"

"घालू देत. मेहारीच्या बापानं गुन्हा कबूल केला, असं जगानं बघायचं का?"

त्यांचं खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर कप्तानाचं काम करणारा व्हालेरियो खुर्चीत फुगून बसलेला. "शेवटचा प्रसंग सगळा त्या म्हाताऱ्याचा!" तो ओर्तेन्झीला सुनावत होता. "मी काय, नुसता खांबासारखा उभा राहू?"

ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"साहेब," मी पुढे होऊन म्हणाले, "तुमच्या पुस्तकात उलटं छापलंय. दगड जिंकणारा आणतो. हरलेल्याच्या दारात नेतो, नव्या मुलखाच्या मातीला वाकतो. म्हाताऱ्यानं तो उतरवला की मुलूख त्याचा. दगड जेवढा मोठा, तेवढा माणूस मोठा."

व्हालेरियो उडी मारूनच उठला. "मग मला सगळ्यात मोठा आणा!"

पण ओर्तेन्झी काही दुधखुळा नव्हता. त्यानं गावच्या पाद्र्यांना, केशी तेवोल्देंना बोलावणं धाडलं. हातात क्रूस असताना केशी खोटं बोलणार नाहीत, हे लहान पोरालाही ठाऊक.

"विचार त्यांना," साहेब म्हणाला.

मी केशींकडे वळले. "केशी, दगड घेऊन आलेल्याचा दगड घरच्या वडिलांनी उतरवला, की वैर मिटतं ना?"

केशींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्या फुगलेल्या नटाकडे. "मिटतं," ते म्हणाले. "देवासमोर मिटतं."

मी शब्दन् शब्द भाषांतर केलं. दगड कोण आणतो हे मी विचारलंच नव्हतं, पण क्रूस हातात घेतलेल्या माणसाचं उत्तर मिळालं आणि साहेबाचं समाधान झालं.

आमच्याच घरासमोर कॅमेरा लावला. सगळा गाव पांढऱ्या शाली पांघरून गोळा झाला. दारात तिवईवर आबा; त्यांना आणि गावाला मी आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. आणि समोरून कप्तानाच्या गणवेशात, मानेवर हा एवढा धोंडा घेऊन व्हालेरियो आला, गुडघ्यावर बसला, आणि कपाळ मातीला लागेपर्यंत वाकला.

आबांनी हात हलवला नाही. रीतच आहे ती. गुन्हेगाराला ताटकळत ठेवतात.

"मेहारीसाठी आलास का?" आबांनी खड्या आवाजात विचारलं.

"काय म्हणतोय?" ओर्तेन्झी कुजबुजला.

"स्वागत करतायत, साहेब."

व्हालेरियोला अक्षर कळलं नव्हतं, पण ओझ्याखाली तो कण्हला, "हो, हो, लवकर कर!" ते 'हो' मात्र गावात सगळ्यांना कळलं. इटालियन एवढं तर शेळ्यांनाही यायचं. बायका रडायलाच लागल्या. आई उभी राहिली. आबा तसेच बसून राहिले, आणि कॅमेऱ्यातली फीत संपली.

"बास!" ओर्तेन्झी टाळ्या पिटत ओरडला. "खरे अश्रू! उतरवायची गरजच नाही, वाकलेलंच सुंदर दिसतंय!"

आठ महिन्यांनी जवळच्या देकेमहारे शहरातल्या सरकारी गोदामात, खिडक्यांना पोती लावून, रविवारी दुपारी आम्हाला तो सिनेमा दाखवला. आजूबाजूच्या सात गावांची माणसं आली होती. पडद्यावर कप्तान वाकला आणि बायकांनी जिभा नाचवून अशी आनंदाची किलकारी ठोकली की छपराचे पत्रे थरथरले. म्हातारे काठ्या आपटत होते, कुणी मेहारीचं नाव घेऊन ओरडत होतं. ऊर भरून आला माझा. सिनेमा दाखवणारा इटालियन अधिकारी खूश! "बघा, किती प्रेम करतात आपल्यावर," तो शेजारच्याला म्हणाला, आणि शेवटचा भाग पुन्हा दाखवायचा हुकूम सोडला.

कप्तान पुन्हा आला. पुन्हा वाकला.

"आबा, उतरवा की आता!" मागून कुणीतरी हाक मारली. "बिचाऱ्याची मान मोडेल!"

सगळं गोदाम हसलं. मेहारी गेल्यापासून पहिल्यांदाच आबाही हसले. त्यांनी दोन्ही हात शालीत घेतले आणि निवांत मागे टेकून बसले.

"राहू दे," ते म्हणाले. "अजून त्यांनी माफी मागितलेली नाही, नुसता सराव केलाय."