मुक्ताबाईच्या नावाची तबकडी

गाणारी मुक्ताबाई कोल्हारकर वारली तेव्हा पेपरात तिचा फोटो आला. त्यानंतर महिन्याभरात नगरच्या कॉलेजातली नीलांबरी नावाची मास्तरीण टेपरेकॉर्डर घेऊन कोल्हारला आमच्या ओसरीवर हजर. तिला मुक्ताबाईवर, म्हणजे आमच्या मुक्तीवर, पुस्तक लिहायचं होतं. मुक्ती लहानपणी आमच्याच रानात खुरपायला यायची, म्हणून लोकांनी आमचं घर दाखवलं. मालक, म्हणजे माझे यजमान, तिथंच सुपारी कातरत बसले होते.

पोरीनं बटण दाबलं. मुक्तीची सगळ्यात पहिली तबकडी तिनं टेपवर उतरवून आणली होती. गवळण वाजायला लागली आणि माझ्या हातातलं सूप हातातच राहिलं.

"ही भोंग्यापुढं गायलेली आहे, आजी. काय खणखणीत आवाज. पुढं विजेचा माइक आला आणि आवाज इतका नाजूक झाला, की दुसरीच बाई वाटावी."

"दुसरीच हाय," मी म्हणाले. "ही मी हाय."

ती हसली. शिकलेली माणसं म्हाताऱ्यांना हसतात तसं, ओठांनी. "पण शेवटी नाव सांगितलंय की." टेपमधून आवाज आला, मी मुक्ताबाई कोल्हारकर.

"ते बी मीच बोलले."

मग तिला सगळं सांगितलं. थोरले दीर, आप्पासाहेब, यांना गाण्याचा लई नाद. माझा आवाज तीन रानं ओलांडून जायचा. मी अठरा वर्षांची असताना त्यांनी मला पुण्याला तबकड्यांच्या कंपनीच्या माडीवर नेलं. सोबतीला मुक्ती. मालकांनी एकच अट घातली, घराण्याचं नाव बाजारात वाजता कामा नये.

माडीवर भिंतीतून एक मोठा भोंगा बाहेर आला होता. त्यात तोंड घालून गायचं. वीज नाही, काही नाही, आवाजाच्या जोरानंच सुई मेणावर रेघ ओढायची. आवाज बारीक असला तर मेण कोरंच. मुक्तीनं आधी गाऊन पाहिलं, कंपनीच्या साहेबानं नाही म्हणून मान हलवली. मी हेल काढला की कंपनीचा माणूस खांद्याला धरून मला मागं ओढायचा, नाहीतर सुई उडायची. गाणं संपताच तो म्हणाला, नाव सांगा, तबकडी लांब कलकत्त्याला कारखान्यात दाबतात, तिथं कळायला हवं कुणाची कुठली. मला अट आठवली. शेजारी मुक्ती उभी होती. मी तिचं नाव घेतलं. माझ्याच तोंडानं.

तबकडी खपली. तीन वर्षांनी कंपनीचं पत्र आलं, ते मुक्ताबाईला. आम्ही दोघी पुन्हा गेलो. भोंगा गेला होता. तिथं डबीएवढं यंत्र, त्याला वायर. मी माझ्या सवयीनं गायले. पलीकडच्या खोलीतल्या माणसानं कानावरचं काढून फेकलं. "बाई, ही काय हाळी देताय का? आवाज फुटतो." मग मुक्तीला म्हणाला, तू गुणगुण. माशीनं घोंगावावं तसं ती गायली आणि त्या डबीनं सगळं टिपलं. मुक्ती तिथंच राहिली. मी खुरपायला परत आले.

नीलांबरी आता हसत नव्हती. "आजी, हे पुस्तकात घालायला हवं. पण तुमच्या एकटीच्या शब्दावर नाही घालता येणार. दुसरं कुणी सांगेल?"

आप्पासाहेब जाऊन वीस वर्षं झाली. उरले मालक. तिनं त्यांच्याकडं पाहिलं. मीही पाहिलं. त्या घटकेला मला दुसरं काही नको होतं, छापलेलं नाव एवढंच हवं होतं.

"खरं आहे का, आजोबा?"

मालकांनी अडकित्ता मिटला. "आमच्या घरातल्या बाया कवा गायल्या न्हाईत," ते म्हणाले. "म्हातारीचं वय झालंय, बाई. मनावर घेऊ नका."

पोरीनं टेप बंद केला. "बरं, मुक्ताबाईंची एखादी आठवण?"

"चांगली हुती," मी म्हणाले. "खुरपाय बसली की तिच्या वळीला तण राहायचं न्हाई."

तिनं तेवढं लिहून घेतलं आणि एसटीला गेली.

मी मालकांसमोर उभी राहिले. "सत्तेचाळीस वर्षं झाली. आता कुनाची लाज हुती?"

"नातीचं लगीन राहात्याला जमतंय. गानारनीची नात म्हनून दारात कोन उभं करंल?"

"मुक्तीच्या दारात मोटारी उभ्या ऱ्हायच्या."

"तिला घर हुतं का, घरानं? च्या टाक."

टाकला. साखर घातली नाही. एक घोट घेऊन त्यांनी तोंड वाकडं केलं, माझ्याकडं बघितलं आणि कप संपवला. खरं बोलायचं तेव्हा बोलले नाहीत, आता साखरेचं कशाला बोलतील.