मुकादमाचा उजेड

नवऱ्याची बदली झाली तेव्हा त्याने कपडे नेले, बूट नेले, दाढीचं सामान नेलं आणि कासव माझ्या गळ्यात मारलं. "दोन-चार महिन्यांचा तर प्रश्न आहे," म्हणाला. कासवाचं नाव मुकादम. दिवसभर मान लांबवून पेटीभर फिरायचं, कुठे काय चाललंय ते बघायचं आणि स्वतः काडीचंही काम करायचं नाही, म्हणून मीच ठेवलेलं.

पेटी हॉलच्या कोपऱ्यात, चांगली पलंगाएवढी. आमच्या घरात ऊन नावालाही येत नाही, म्हणून तिच्यावर दोन दिवे होते: एक अंग शेकायला, दुसरा कवच आणि हाडं धड राहावीत म्हणून. झाडाचं एक पान नव्हतं. बिचारा बाजारातला शिळा पाला चावत बसायचा. मला ते बघवेना. मी आत जास्वंद लावली, गुरांच्या चाऱ्याचा लसूणघास पेरला. शेकायच्या दिव्याजवळ सगळं करपलं. लांब पेरलं, तर रोपं उजेडाच्या ओढीने नुसती उंच झाली आणि लुळी पडली.

मग चष्म्याच्या दुकानातली माझी नोकरी आटोपली की मी विजेच्या दुकानात खेटे घालायला लागले. झाडांसाठीचा वेगळा पांढरा दिवा आणला. पेटीच्या एका टोकाला ऊब, दुसऱ्या टोकाला हिरवळ आणि मध्ये दगडांची ओळ, म्हणजे साहेब कोवळे कोंब उकरणार नाहीत. दिवा खाली-वर करता करता जमलं एकदाचं. मातीपासून हातभर वर, सकाळी आपोआप लागणार, संध्याकाळी आपोआप बंद. घास तरारला. मुकादम दगडांवरून मान काढून पानं ओढायला लागला.

नवऱ्याचा व्हिडिओ कॉल यायचा तो दिवा बंद व्हायच्या आधी. "मुकादम दाखव," हे पहिलं वाक्य. पण मग विचारायचा, दिवा किती उंचावर ठेवलास? किती तास? मातीत काय घातलंस? लग्न झाल्यापासून माझं बोलणं त्याने इतकं कान देऊन कधी ऐकलं नव्हतं. मी हुरळून गेले. हा माणूस घराकडे वळतोय असं मला वाटायला लागलं. एकदा तर नवा निळा ड्रेस घालून, केस नीट करून, मुद्दाम त्या पांढऱ्या उजेडात उभी राहिले.

"जरा बाजूला हो ना," तो म्हणाला. "सावली पडतेय."

तरी मला अक्कल आली नाही.

मग एका रविवारी तो आला. हातात बॅग नव्हती, भोकं पाडलेलं खोकं होतं.

"मुकादमाला नेतो. तिकडे सोय झालीये."

"सोय कुणी केली?"

"आहे एकजण. ऑफिसमधली." तो पेटीकडे बघत बोलत होता. "तुला सांगणारच होतो."

म्हणजे मी इतके दिवस पुरवलेली माहिती दुसऱ्या घराच्या बांधकामाला लागत होती! त्याने मुकादमाला उचललं. मुकादमाने पाय हवेत हलवले आणि मान आत घेतली.

"झाडं आणि पांढरा दिवा राहू दे तुला," नवरा दारातून म्हणाला. "तुला आवड आहे ना."

पुढचे काही आठवडे तो दिवा आपला एकटाच सकाळी लागत होता, संध्याकाळी विझत होता. घास माजला. खायला कुणी नव्हतं.

आणि एका संध्याकाळी, दिवा विझायच्या आधी, नवऱ्याचा फोन आला. नुसता आवाज, चेहरा नाही.

"अगं, इकडे सगळं करपतंय. तू सांगितलंस तसंच केलंय. थांब, तिलाच देतो, तिला नीट समजावून सांग."

मी काही म्हणायच्या आत पलीकडे बाईचा आवाज. तरुण, रडवेला.

"ताई, दोनदा पेरलं हो. दोन्ही वेळा जळलं. आणि मुकादम काही खातच नाही, नुसता कोपऱ्यात बसतो."

ताई! माझा संसार उचलून नेला आणि वर मला ताई. अंगाचा तिळपापड झाला. सांगावं, दिवा आणखी खाली घे बाई, अगदी मातीला टेकव. शब्द ओठांवर आले होते. पण उपाशी राहणार होता तो मुकादम.

"घास शेकायच्या दिव्याजवळ पेरलास का?" मी विचारलं.

"हो. पेटी लहान आहे ना."

"मग मोठी पेटी घ्या. शेकायचा दिवा एका टोकाला, झाडांचा पांढरा दुसऱ्या टोकाला, मातीपासून हातभर वर. आणि उगवेपर्यंत जास्वंदीची कोवळी पानं त्याच्यासमोर ठेव, हातात धरू नकोस, तो बुजतो."

"बरं." ती घुटमळली. "ताई, तुम्ही रागावला नाहीत ना?"

"रागावलेय," मी म्हणाले. "पुन्हा फोन करू नका."

फोन ठेवून मी पेटीपाशी गेले. महिन्याभरात तिथे माझ्या शब्दावर हिरवंगार होईल. मी पांढऱ्या दिव्याची वायर भिंतीतून उपटली आणि हॉलमध्ये अंधारात बसून राहिले.