मालूचा बाक आणि धंद्याचा विमा

मित्रांनो, बसा, पण बेतानं. मी एक जुना लाकडी बाक हाय, रोह्याच्या मालूचा मालिशचा बाक. आता पडवीत पडलोय, पण एके काळी माझ्यावर आडवं व्हायला माणसं ताटकळत बसायची.

मला पेणच्या दिनानाथ सुतारानं घडवला. एरवी तो गणपतीच्या कारखान्यांना पाट करून द्यायचा. "देव बसतात त्याच फळ्या ह्या गो, माणसाचं काय घेऊन बसलीस!" असं मालूला म्हणाला नि मला टेम्पोत चढवला.

काय दिवस होते! धाटावची शिफ्ट सुटली की कंपनीतले कामगार पाठी धरून यायचे. मालूचा हात पडला की घोरायलाच लागायचे. कोमट खोबरेल माझ्यात इतकं मुरलंय की अजून ऊन लागलं की वास सुटतो. सगळे मालूच्या हाताचं कौतुक करायचे. माझ्याखाली वाकून मात्र कोण बघायचं नाय. बघितलं ते वाळवीनं.

मालूची भाची मनाली शिकलेली. तिनं धंद्याचा विमा काढायला लावला. "आत्या, तुझ्या खोलीत गिऱ्हाईकाला लागलं, तर दवाखान्याचा खर्च विमा कंपनी देईल."

"मी अंग मोकळं करते गो, मोडत नाय," मालू हसली.

मग एक दिवस खांब गावचे हैबतराव कुशीवर वळले नि माझा पाय मोडला. म्हातारा मनगटावर आपटला. उठून म्हणतो कसा, "काय नाय झालं. चहा ठेव, मालू."

घरी जाऊन पाला बांधून बसले. मालूला कळलं तेव्हा मनगट सुजून भोपळा झालेलं. डॉक्टर म्हणाला, ऑपरेशन करा, नायतर हात कामातनं गेला. मालूनं त्यांना बोलावून घेतलं. मनाली म्हणाली, "दादा, विम्याचे पैसे हवे तर तुम्हीच आत्याकडं भरपाई मागायला पायजे. तसं लिहून द्या."

म्हातारा उसळला. "मालूवर दावा लावू? माझ्या आईचे पाय हिनं शेवटपर्यंत चोळले. खांबात तोंड कुठं दाखवू?"

"नि भात काय डाव्या हातानं लावणार?" मालू म्हणाली.

"लावीन!"

"मग ही तेलाची वाटी उचला, दादा. त्याच हातानं."

वाटी काय उचलेना. मालूच्या डोळ्यांतनं धार लागली. "तुमचा हात गेला तर मी परत कुणाच्या अंगाला हात लावणार नाय."

म्हाताऱ्यानं मला एक लाथ घातली.

"लिही गो मनाली. मालूची काय पण चूक नाय. हा बाक हलकट हाय."

"बाक कुणाचा, दादा?"

"मालूचा. ते खोटं कसं सांगू?"

"बास. भरपाई मागायला एवढं पुरे."

जन्मात पहिल्यांदा कुणी माझं नाव कागदावर घातलं, ते पण शिवी देऊन. खरं सांगू? लई बरं वाटलं. विमा मिळाला, ऑपरेशन झालं, नि औंदा भात हैबतरावांनी स्वतः लावला.

खोलीत आता लोखंडी टेबल आलंय. असू दे. मित्रांनो, ज्याच्यावर भार टाकता, त्याच्याखाली अधनंमधनं वाकून बघत जा. नि आपल्या माणसाकडं पडलात, तर 'काय नाय झालं' म्हणून दुखणं घरी नेऊ नका. माणसाचं नाव घ्यायला जीभ रेटत नसंल, तर खुशाल बाकाचं घ्या.